डाव्या खांद्याजवळची खळगी

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे. तरुणपणी छिन्नी निसटली आणि नखाचे उभे दोन भाग झाले. पुन्हा वाढलं ते तसंच वाढलं. मऊ मातीत मी अंगठा दाबला की टोकाला नखाची कोर उमटते आणि ती कोर मधोमध तुटलेली असते. ही तुटकी कोर मी चाळीस वर्षं रोज पाहत आलो. आणि जेव्हा ती ओळखायची वेळ आली तेव्हा नेमकी मला ओळखता आली नाही. कारण त्या वेळी माझे डोळे ठिकाणावर नव्हते, दुसऱ्याच्या ताटात होते.

तलासरीजवळ, हायवेपासून थोडं आत, आमची पुतळ्यांची शेड आहे. मी तिथे पुतळे करतो असं सांगितलं की लोक विचारतात, कुठला पुतळा केलात? मग माझी पंचाईत होते. कारण मी एकही पुतळा केलेला नव्हता. मी पुतळे मोठे करत होतो.

म्हणजे असं. चौकातला नऊ फुटी ब्राँझचा पुतळा शिल्पकार थेट तेवढा करत नाही. तो मातीत दीड फुटाचा नमुना करतो, आमच्या भाषेत मॉडेल. फेटा, नाक, हातातली काठी, सगळं त्यात ठरतं. मग ते मॉडेल माझ्यासारख्याच्या पुढ्यात येतं. मी मॉडेलवर एक लाकडी चौकट बसवायचो, तिला ओळंबे, म्हणजे वजन बांधलेल्या दोऱ्या, सोडायचो, आणि शेजारी सहापट मोठी चौकट उभारून तिलाही ओळंबे. मॉडेलचं नाक त्याच्या ओळंब्यापासून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आत, तर मोठ्याचं सहा सूत आत. लोखंडी सांगाड्यावर टनभर माती चढवायची आणि अशी हजार मापं घेत परांचीवर चढ-उतार करत राहायचं. आठ-दहा महिने जात. त्यावरून साचा, साच्यात मेण, मेणाभोवती पक्कं कवच, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत ब्राँझ ओतायचं. शेवटी उभा राहतो तो आतून पोकळ धातू. माझी माती खरवडून पुन्हा पिंपात जाते.

आणि चौथऱ्यापाशी नाव कोरलं जातं ते मुंबईहून दोनदा येऊन, चहा पिऊन, "कान जरा बघा" म्हणून गेलेल्या शिल्पकाराचं.

लपवून काय करू, माझ्या पोटात दुखायचं. बायको म्हणायची, "पगार मिळतो ना? मग नावाचं काय लोणचं घालायचंय?" तिचं बरोबर होतं. तरी पुतळ्याच्या उद्घाटनाला मी कधी गेलो नाही. मला एकच समाधान होतं. त्यांचं मॉडेल मोठं करणारा हात या पट्ट्यात माझ्याशिवाय दुसरा नव्हता. डहाणूपासून वापीपर्यंत नव्हता.

मग राउटर आला, कोरकामाचं मशीन.

आमचे मालक हसमुखशेठ. बोलतात मराठीच, पण हिशेब आणि राग गुजरातीत. त्यांनी शेडच्या मागे पत्र्याची नवी खोली बांधली आणि त्यात ते मशीन बसवलं. मॉडेलभोवती एक दिवा फिरवून कॉम्प्युटरमध्ये त्याचा आकार घ्यायचा, तिथेच तो सहापट करायचा, आणि मग मशीनचं फिरतं टोक फोमच्या ठोकळ्यातून तो आकार कोरून काढतं. फूटफूट जाडीच्या लाद्या निघतात. त्या एकावर एक चिकटवल्या की पुतळ्याचा गाभा तयार. हा गाभा मुद्दाम सगळीकडून बोटभर बारीक ठेवतात. वरून बोटभर मातीचा थर द्यायचा आणि बारीक काम तेवढं हाताने करायचं. माझे दहा महिने मशीनने नऊ दिवसांवर आणले.

मशीनबरोबर वनिता आली. कैनाड गावची, शेतकऱ्याघरची, तेव्हा वय असेल बत्तिशीचं. आधी उंबरगावच्या एका कारखान्यात दारांवर वेलबुट्ट्या कोरायच्या राउटरवर होती. स्कूटीवरून यायची, ओढणी नाकाला बांधून त्या पांढऱ्या भुशात उभी राहायची आणि संध्याकाळी अंगावरचा फोम झाडत मला विचारायची, "काका, चहा घेतला?"

एवढी चांगली वागायची की राग धरायला जागा मिळू नये. मी तरीही धरला.

तिचं पहिलं मोठं काम म्हणजे एक घोडा. मी पूर्वी एक घोडा मोठा केला होता. अकरा महिने लागले होते आणि तो हलवायला क्रेन आणावी लागली होती. हिचा घोडा मातीच्या थरासाठी आणि ओतकामासाठी सीमेपलीकडे, गुजरातेत न्यायचा होता. टेम्पोवाल्याने अच्छाडला धाब्यापाशी गाडी लावली. माल चोरीला जाईल या भीतीने गडी घोड्याचं धड डोक्यावर घेऊन जेवायला गेला आणि शेजारच्या खाटेवर ते ठेवून डाळभात खाऊ लागला. चेकपोस्टवरचे लोक फोटो काढायला जमले. शेडमध्ये ही गोष्ट महिनाभर पुरली. सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी जाऊन जेवलो नाही. माझा घोडा कोणी डोक्यावर घेतला नव्हता.

आता मूळ गोष्ट.

अच्छाडचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठकडे आले. तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या पाड्यांवर लखमीआय नावाची एक सुईण होती. तिने आयुष्यभर बाळंतपणं केली. रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, तेव्हा हाक आली की ही चालत निघायची. हे ट्रान्सपोर्टवालेही तिच्याच हातावर जन्मलेले. आईने सांगून ठेवलं होतं म्हणून त्यांना तिचा पुतळा करायचा होता. नऊ फुटी, ब्राँझचा, पाड्याच्या नव्या दवाखान्यासमोर.

शिल्पकाराला एकच अस्पष्ट फोटो आणि एवढी साधी बाई हे काम पटलं नाही. तो म्हणाला, यात करण्यासारखं काय आहे? आणि येईनासा झाला. शेठ दोन दिवस मोबाइल घेऊन फिरले, मग माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"मॉडेल तू कर ना भाई. इतकी वर्षं बघतोस."

चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं, दुसऱ्याने टाकलेलं, माझ्या ओंजळीत आलं. मी मान हलवली. त्या दिवशी मी रडलो हेही लिहून टाकतो.

लखमीआयची मुलगी चैती पाड्यावरच राहते. तीही साठीची. शेठने तिला चार दिवस गाडीने आणवलं. आईसारखीच दिसते, असं सगळे म्हणाले. ती समोर स्टुलावर बसायची, फारसं बोलायची नाही, मी फोटो बघत आणि तिला बघत माती लावायचो. दीड फुटाची बारीक बाई, डोक्याला पदर, एक हात पुढे, जणू दारातूनच विचारतेय की कळा कधीपासून येतायत. चौथ्या दिवशी चैती उठून गेली आणि मॉडेल झालं. माझ्या आयुष्यातलं पहिलं.

आणि मी काय केलं? आनंद करायचा सोडून हट्ट धरला की मोठंही मीच करणार, ओळंब्याने, हाताने. शेठ म्हणाले, "वेळ कुठे आहे? मशीन कशाला घेतलंय?" मॉडेल वनिताच्या खोलीत गेलं. मी दारात उभा राहून बघत होतो. ती त्याभोवती दिवा फिरवत होती आणि मला वाटत होतं की माझं पोर कोणीतरी मांडीवर घेऊन बसलंय. काम झाल्यावर मॉडेल खोक्यात घालून फळीवर ठेवलं. पुढचे दोन महिने मी दुसऱ्या एका पुतळ्याच्या दुरुस्तीत अडकलो होतो.

परतलो तेव्हा फोमच्या लाद्या कोरून झाल्या होत्या आणि जमिनीवर आडव्या मांडल्या होत्या. मी त्यांच्यामधून हिंडत होतो, आणि खरं सांगतो, खोट शोधत होतो. शोधणाऱ्याला ती मिळतेच. खांद्यांच्या लादीवर, डाव्या बाजूला, मानेजवळ, वरणाच्या वाटीएवढा खड्डा होता. उजव्या बाजूला तसा नव्हता, तिथे नुसताच उतार होता.

माझ्या अंगात वीज आली. मी शेठना हाक मारली, शेडमधल्या गड्यांना हाक मारली.

"बघा तुमच्या मशीनचं काम! टोक घसरलंय. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला नाही. हाताने केलं असतं तर असं झालं असतं?"

शेठ वनितावर गुजरातीत चढले. सगळ्यांसमोर. ती लादीपाशी बसली, खड्ड्यावरून हात फिरवला, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "काका, एकदा मॉडेल काढून बघू या का?"

"मॉडेल मी केलंय," मी म्हणालो. "माझंच मला काय दाखवतेस?"

शेठने तिला मशीन पूर्ण तपासायला लावलं. त्यात तिचा दीड दिवस गेला. मशीनमध्ये काही सापडलं नाही. मी चहा पित म्हणालो, "सापडणार कसं? मशीन थोडंच कबूल करतं?" गडी हसले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, म्हणूनच ते इथे लिहिणं भाग आहे.

लाद्या चिकटवून गाभा उभा राहिला आणि मी परांचीवर चढलो. पहिल्यांदा तो खड्डा मातीने गच्च भरला, थापून सपाट केला. मग बाकीची माती. खाली उभी राहून वनिता म्हणाली, "काका, मी बोटभरच आत घेतलंय हं." मला माहीत होतं. या धंद्यातल्या कोणालाही माहीत असतं. पण बोटभर थर म्हणजे काय? खाली तिचा फोम, वर माझी साय. मी दोन बोटं चढवली, काही ठिकाणी तीन. तिचा आकार पार गाडला आणि त्याच्यावर माझ्या हाताने पुन्हा बाई घडवली. महिनाभर राबलो. चुण्या सुरेख आल्या, पदर सुरेख आला. शेठ खूश झाले. आता ही माझी, असं मी मनात म्हणालो.

साच्याआधी घरच्यांना दाखवायचा रिवाज आहे. चैतीला आणलं. ती दारातच थांबली. वर बघितलं, बाजूने जाऊन बघितलं, परत समोर आली.

"कोन ही?"

शेठ म्हणाले, "तुझी आई ना."

"नाय. माजी आय नाय ही." तिच्या आवाजात राग नव्हता. "ही जेवलेली बाई हाय."

तिने पुतळ्याच्या भरल्या गळ्याकडे बोट दाखवलं.

"माजी आय पोटभर जेवली नाय कंदी. आमाला घालायची, उरला तर खायची. हाडं वर दिसायची तिची. अन हितं..." तिने स्वतःच्या डाव्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडामागे बोट ठेवलं. "हितं खळगी होती. डावीच जास्त. पोरं ह्याच खांद्यावर घ्यायची ना, मान तिकडं कललेली. डोक्यावर हंडा घेऊन यायची, पानी हिंदकळला का खळगीत राहायचा. मी ल्हान होती. बोट बुडवायची त्यात."

तिच्या स्वतःच्या गळ्यापाशी तीच खळगी होती. चार दिवस माझ्यासमोर बसलेली बाई. मी त्या हाडाकडे बघूनच मॉडेल केलं होतं. माझ्या हाताने ते पाहिलं होतं, डोक्याला कळवलंच नव्हतं.

ती गेल्यावर मी खरवडणी घेऊन वर चढलो. डाव्या खांद्यावरची तीन बोटं माती काढली, खाली पांढरा फोम लागला. मग खड्ड्यातली माती. ती मीच इतकी थापून बसवली होती की खरवडणीने निघेना, म्हणून अंगठा घालून उकरायला लागलो. माती सुटली. खड्डा मोकळा झाला, आणि त्याच्या वरच्या काठाला फोममध्ये कोरलेली एक कोर दिसली, खोबऱ्याच्या कापाएवढी मोठी. मधोमध तुटलेली.

खाली वनिता उभी होती, हातात ते खोकं. मी उतरलो. तिने मॉडेल काढून माझ्यासमोर धरलं. डाव्या खांद्यापाशी माझ्या अंगठ्याचा एकच दाब होता, नखाच्या तुटक्या कोरेसकट. एकदाच दाबलेला आणि विसरलेला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना काका. मॉडेल बघू या म्हटलं होतं."

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. ती पुढे जे म्हणाली ते त्याहून वाईट होतं. "फाइल साफ करताना असल्या खुणा आम्ही पुसतो. हीपण पुसणार होते. मग नख दिसलं. म्हटलं, काकांनी पहिल्यांदा स्वतःचं केलंय, राहू दे."

म्हणजे ज्या फोमवर मी महिनाभर सूड उगवत होतो तो इंचन् इंच माझाच होता. तिने त्यातलं काही स्वतःचं केलं नव्हतं, उलट माझं जपलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी साऱ्या शेडला गोळा करून दाखवलं होतं, आणि ते निघालं माझंच मुसळ. अशा वेळी माफी मागायची असते. मी म्हणालो, "बरं. कामाला लागू या."

सगळी माती उतरवली. पुन्हा चढवली, या वेळी बोटभर, एक रेष जास्त नाही. वनिता खालून मॉडेल धरून उभी राहायची आणि मी विचारायचो, ती सांगायची. खळगीत मी पातळ थर दिला, आतून बोटांनी पुसला आणि हात काढून घेतला.

चैती पुन्हा आली. या वेळी तिने परांचीवर चढायचं म्हटलं. शेठ घाबरले, पण ती डोंगरातली बाई, भराभर चढली. वर गेल्यावर आईच्या तोंडाकडे तिने बघितलंच नाही. कमरेची पाण्याची बाटली काढली आणि डाव्या खांद्याजवळच्या खळगीत थोडं पाणी ओतलं. माती तेलात मळलेली, पाणी मुरलं नाही, तसंच राहिलं. तिने त्यात बोट बुडवलं.

मग खाली बघून म्हणाली, "ही खळगी कोनी केली?"

मी तोंड उघडायच्या आत वनिता म्हणाली, "काकांनी."

चैती उतरली आणि माझा उजवा हात तिने तिच्या कपाळाला लावला. मी वनिताकडे बघितलं नाही. ती भुशाने पांढरी झालेली ओढणी झटकत होती.

त्या दिवसापासून मला मशीनचा हेवा वाटायचा थांबला. वनिताचा मात्र वाढला. माझ्या चुकीसाठी जिने सगळ्यांसमोर शिव्या खाल्ल्या, तिला माझं नाव घेताना क्षणभरही अडखळावं लागलं नाही. इतकं सहज. एवढ्या वर्षांत मला कोणाबद्दल असा एक शब्द बोलता आलेला नाही. मी तिच्या जागी असतो तर ती खूण पुसली असती. हे मला पक्कं माहीत आहे.

साच्याआधी शेठ म्हणाले, "नाव घाल भाई, या वेळी तुझं." पायाशी मातीत मी माझं नाव कोरलं. कोरताना त्याच्याखाली चार बोटं जागा सोडली. कशासाठी सोडली ते मला ठाऊक होतं. तीन अक्षरं होती, दहा मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या दिवशी कोरू म्हणालो. दुसरा दिवस आला, साच्याचे लोक आले, साच्याच्या रबराचा पहिला हात चढला आणि मी बाजूला उभा राहून बघत राहिलो. वनिताही बघत होती. ती जागा तिने पाहिली होती की नाही, मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

उद्घाटनाला मात्र मी गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. आता कधी तलासरीला काम निघालं की जीपने पाड्यापर्यंत जाऊन येतो. दवाखान्यासमोर लखमीआय उभी असते, हडकुळी, मान डावीकडे कललेली. बाया पोरं घेऊन तिच्या सावलीत नंबर लागायची वाट बघत बसतात. खाली माझं नाव आहे, एकट्याचं. त्याच्याखालची चार बोटं जागा मी अंगठ्याने चाचपून बघतो. माती असती तर अजूनही तिथे तीन अक्षरं कोरता आली असती. आता ते ब्राँझ आहे.